उतारावरचे खोटे

पुण्याकडे निघालेली आगगाडी कर्जतला थांबते, तेव्हा तिला मागून रेटणारी जादा इंजिने लागतात. त्या थांब्यावरच कर्जतचा वडापाव नावारूपाला आला, हे आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण घाट चढणाऱ्या गाडीपेक्षा घाट उतरणाऱ्या गाडीची गोष्ट जास्त शिकण्यासारखी आहे, आणि ती आपण कधी नीट ऐकून घेतली नाही. लोणावळ्याकडून खाली येणाऱ्या गाडीला बोरघाटात ठरलेल्या जागी थांबावेच लागते. गाडीला उशीर झालेला असो, डब्यात कितीही बडा माणूस बसलेला असो, ब्रेक धरतो आहे हे थांबून दाखवल्याखेरीज तिला पुढची वाट मिळत नाही. एवढे करूनही एखादी निसटलीच, तर तिला चढावर वळवून रोखणारा वेगळा रूळ तयार असतो. त्याला कॅच सायडिंग म्हणतात. १८६३ मध्ये या घाटातून रेल्वे सुरू झाली. तेव्हापासून इंजिने बदलली, डबे बदलले, पण उताराचा धाक रेल्वेने सोडला नाही.

त्याच डोंगरातून रस्ताही उतरतो. जुन्या महामार्गावर शिंग्रोबाचे देऊळ आहे. इंग्रज साहेबाला घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचे ते ठाणे, अशी लोकांची श्रद्धा आहे. जाणारे-येणारे चालक तिथे नाणे टाकतात, हात जोडतात. हात जोडण्याला माझा आक्षेप नाही. त्याच हातांनी आदल्या दिवशी चाक खोलून ब्रेकचे लायनर पाहिले नाहीत, याला माझा आक्षेप आहे. दसऱ्याला बोनेटवर झेंडूचा हार, पुढे लिंबू-मिरची, चाकाखाली नारळ, आणि त्याच चाकाच्या आत झिजून लोखंडाला भिडलेला ब्रेक! याला भक्ती म्हणवत नाही. आपली जबाबदारी देवाच्या गळ्यात बांधून मोकळे होणे, एवढाच त्याचा अर्थ आहे.

हा लेख जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीविषयी आहे. कोणी विचारील, हा काय सुधारणेचा विषय झाला? हुंडा, जात, बुवाबाजी यांवर बोलावे. सेकंड हँड गाडी ज्याची त्याने पारखून घ्यावी. माझे म्हणणे नेमके उलटे आहे. समाजाचा खरेपणा सभेतल्या भाषणात मोजता येत नाही. तो अशा व्यवहारात मोजता येतो, जिथे एकाला दोष ठाऊक असतो आणि दुसऱ्याला नसतो. जुनी गाडी विकताना आपण कसे वागतो, यावरून आपण कोण आहोत हे कळते.

कर्जत-खालापूर हा मुंबई-पुण्याच्या मधला उंबरठा आहे. दोन्ही शहरांनी वापरून झालेल्या वस्तू आपल्या अंगणात येतात. ताडदेवची एमएच-०१, अंधेरीची एमएच-०२, ठाण्याची एमएच-०४, पुण्याची एमएच-१२ या पाट्यांच्या गाड्या नेरळच्या बाजारात, कडावच्या नाक्यावर, खोपोलीच्या गॅरेजांपुढे उभ्या दिसतात. अशा एका गाडीचा प्रवास डोळ्यांपुढे आणा. शहरातल्या साहेबाने ती नवी घेतली. एका पावसाळ्यात तळमजल्यावर पाणी शिरले आणि ती सीटपर्यंत बुडाली. साफसफाई झाली, अत्तर मारले गेले आणि ती दलालाकडे गेली. दलालाने मीटर मागे फिरवला आणि पनवेलच्या नोकरदाराला ‘डॉक्टरची गाडी, सिंगल हँड, फक्त रविवारी निघायची’ असे सांगून विकली. वर्षभरात वायरिंग कुरकुरू लागले. नोकरदाराने काही न बोलता ती कर्जतच्या दुकानदाराच्या गळ्यात मारली. दुकानदाराला गिअरबॉक्सचा आवाज ऐकू आला; त्याने जाड ऑईल ओतून तो दाबला आणि गाडी कशेळ्याच्या पलीकडच्या वाडीतल्या एका तरुणाला दिली. त्या तरुणाने आईच्या गळ्यातले गहाण टाकले, पतसंस्थेचे कर्ज काढले. आता तो त्याच गाडीत वाडीतली माणसे कोंबून बाजाराला आणि दवाखान्यात नेतो.

या साखळीत एकानेही दरोडा घातलेला नाही. प्रत्येकाने फक्त एकेक गोष्ट लपवली. पण प्रत्येक पायरीला गाडीत एका दोषाची भर पडली, किंमत उतरली आणि घेणाऱ्याची ऐपतही उतरली. पाणी जसे घाटमाथ्यावरून उल्हास नदीकडे धावते, तसे आपले खोटे उताराला लागते आणि शेवटी सर्वांत गरिबाच्या दारात साचते. पहिल्या मालकाला विमा होता, दुसऱ्याला पगार होता, तिसऱ्याला दुकान होते. चौथ्याकडे फक्त ती गाडी आहे. चौघांच्या मौनाचा भार त्याच्या एका ब्रेकवर येतो, आणि त्या ब्रेकच्या भरवशावर मागच्या सीटवर एखादी बाळंतपणाला निघालेली बाई बसलेली असते.

‘सरकार काय करते?’ हा आपला आवडता प्रश्न आहे. तोही विचारू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे खासगी गाडीची नोंदणी एकदा झाली की १५ वर्षे चालते. त्या १५ वर्षांत तिचे ब्रेक, स्टिअरिंग, तळाचा पत्रा कोणा सरकारी माणसाने पाहिलाच पाहिजे, असे बंधन नाही. मुदत संपल्यावर पुढच्या ५ वर्षांसाठी नूतनीकरण करताना तपासणी होते. मधल्या काळात लागतो तो पीयूसीचा कागद. पण तो धुराची गोष्ट सांगतो, ब्रेकची नाही. पिवळ्या पाटीच्या धंद्याच्या गाडीला पासिंग लागते: आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. म्हणजे ज्या पांढऱ्या पाटीच्या गाडीत चोरून प्रवासी भरले जातात, ती या दोन्ही जाळ्यांतून सुटते. घरगुती म्हणून पासिंग नाही आणि धंदा चालतो भाड्याचा. आपली पोरे कोंबून शाळेत नेणाऱ्या कित्येक गाड्या याच फटीत चालतात. आपण ते पाहतो आणि भाडे स्वस्त पडते म्हणून गप्प बसतो.

ज्यांचे पासिंग होते त्यांचेही होते कसे? पुण्याचे श्रीकांत कर्वे यांना हा प्रश्न घेऊन मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले. गाडीच्या ब्रेकची चाचणी घ्यायला अडीचशे मीटरचा मार्ग हवा, आणि राज्यातल्या अनेक परिवहन कार्यालयांत तो नव्हता. गाडी न चालवता, कधी नीट न पाहताही योग्यतेचे शिक्के उठत होते. न्यायालयाने कान उपटले तेव्हा मार्ग बांधायला सुरुवात झाली आणि कित्येक निरीक्षक निलंबित झाले. एका नागरिकाने वर्षानुवर्षे खेटे घातले तेव्हा हे घडले. आपण बाकीचे त्या काळात काय करत होतो? पासिंगला गाडी न नेता पासिंग करून देणारा एजंट शोधत होतो. लाच घेणाऱ्याला आपण शिव्या देतो. पण ती देणारा हात आपल्याच खांद्याला जोडलेला आहे, हे सोयीने विसरतो.

२६ जुलै २०२५ रोजी द्रुतगती मार्गावर खोपोलीजवळ ब्रेक निकामी झालेला एक कंटेनर वीसच्या आसपास गाड्यांवर आदळला. अशी बातमी आली की आपण चार दिवस हळहळतो आणि ‘ब्रेक फेल झाले’ म्हणून सोडून देतो. जणू ब्रेक ही वीज आहे, आभाळातून कोसळली! ब्रेक सहसा आधी कण्हतो. पेडल खोल जाऊ लागते, चाक करकरते, गाडी एका बाजूला ओढते, ऑईल कमी होते. ते कण्हणे कोणीतरी ऐकलेले असते, आणि पुष्कळदा ऐकणाऱ्याने तेवढ्यात गाडी विकलेली असते.

आता कायद्याचे एक पान उघडतो, कारण आपल्या मौनाला तिथे आसरा मिळतो. १८७२ च्या करार कायद्यातले १७ वे कलम फसवणुकीची व्याख्या करते. दोष हेतुपुरस्सर झाकणे ही फसवणूक आहे, पण नुसते गप्प राहणे ही एरवी फसवणूक धरली जात नाही. कायद्याने घोड्याचे उदाहरण दिले आहे. एकाने लिलावात घोडा विकला, तो सदोष आहे हे त्याला ठाऊक होते, तो काही बोलला नाही. ही फसवणूक नव्हे. मात्र त्याच्या खालीच दुसरे उदाहरण आहे. घेणारी त्याची स्वतःची, नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर दोष सांगणे त्याचे कर्तव्य ठरते.

दीडशे वर्षांपूर्वीच्या या दोन ओळींत आपली सगळी नीती सापडते. परक्याला घोडा खपवावा, मुलीला खरे सांगावे! कायद्याचे हात तोकडे असतात. त्याला कुठेतरी रेघ ओढावीच लागते. ती रेघ ओलांडून पुढे जाणे हे समाजाचे काम. हा कायदा झाला त्याच्या पुढच्याच वर्षी, २४ सप्टेंबर १८७३ रोजी, जोतीराव फुल्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज काढला. सत्य शोधणे म्हणजे पोथीतले खोटे उघडे पाडणे, एवढाच अर्थ आपण घेतला. आपल्या गोठ्यातल्या घोड्याबद्दल, अंगणातल्या गाडीबद्दल खरे बोलणे हा त्यातला अवघड भाग. तो आपण वाचायचा ठेवला.

या खोट्याची किंमत फक्त फसणाऱ्यालाच पडते असे समजू नका. जॉर्ज अकेरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावरच निबंध लिहिला. २००१ मध्ये त्याला नोबेल मिळाले. त्याचे म्हणणे आपल्या आठवडी बाजारातल्या कोणालाही पटेल. घेणाऱ्याला चांगली आणि वाईट गाडी ओळखता येत नसेल, तर तो भीतीपोटी सगळ्यांनाच पडेल भाव देतो. त्या भावात चांगली गाडी विकणे परवडत नाही, म्हणून चांगली माणसे बाजारातून निघून जातात आणि रद्दी तेवढी उरते. आज कर्जतमध्ये एखाद्याने गाडी जिवापाड सांभाळली, दर सर्व्हिसची पावती जपली, तरी त्याला त्याचे दोन पैसे जास्त मिळत नाहीत, कारण त्याच्या शब्दावर कोणाचा विश्वास नाही. तो विश्वास आधीच्या शंभर जणांनी खाऊन टाकलेला असतो.

दुसऱ्या देशांतली माणसे काही देवदूत नाहीत. पण त्यांनी नोंद ठेवायची आणि ती सर्वांना उघडी करायची असे ठरवले. ब्रिटनमध्ये तीन वर्षांच्या वरच्या गाडीला दरवर्षी तपासणी लागते, आणि गाडीचा नंबर घातला की आजवरच्या तपासण्या कोणालाही फुकट पाहता येतात. कधी नापास झाली, कशामुळे झाली, तेव्हा मीटर किती होता, कोणता टायर बदलायला सांगितला होता, सगळे दिसते. बेल्जियममध्ये प्रत्येक गॅरेजने मीटरचा आकडा कळवायचा आणि विकणाऱ्याने त्याचा दाखला घेणाऱ्याच्या हातात ठेवायचा, असा नियम आहे. मीटर मागे फिरवणाऱ्याचे हात तिथे नोंदीने बांधले गेले. आपल्याकडेही वाहन पोर्टलवर आणि एम-परिवहन ॲपवर नोंदणी, पासिंग, विमा, पीयूसीच्या मुदती, कर्जाचा बोजा पाहता येतो. जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्यांनी परिवहन कार्यालयाचा अधिकृत दाखला घ्यावा, असा नियम एप्रिल २०२३ पासून लागू आहे. पण तुमच्या ओळखीच्या किती दलालांच्या भिंतीवर तो दाखला आहे? आणि आपल्यापैकी कितींनी तो मागितला?

मागितला नाही, कारण मागायला आपल्याला संकोच वाटतो. ‘ओळखीतला माणूस आहे, कागद कसे मागायचे?’ हे वाक्य मी कर्जतच्या प्रत्येक आळीत ऐकले आहे. लग्न जमवताना सात पिढ्यांची चौकशी करणारे आपण, कुटुंब ज्यात बसणार त्या गाडीच्या चार मालकांची चौकशी करत नाही! आंबा घेताना देठ हुंगतो, बैल घेताना दात मोजतो, आणि गाडी घेताना रंग बघतो. ओळखीला आपण पुराव्याची जागा दिली आहे, आणि ओळखीनेच आपल्याला सर्वांत जास्त बुडवले आहे.

म्हणून संकोच सोडून विचारायच्या गोष्टी इथे सांगतो. आरसीवरचा चेसिस आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून पाहा. मालक कितवा आहे ते बघा. बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याशिवाय बयाणा देऊ नका. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे जुन्या सर्व्हिसच्या नोंदी असतात. मालकाला बरोबर नेऊन मागवा आणि त्यातला प्रत्येक आकडा मीटरशी लावून पाहा. मीटर चाळीस हजार म्हणत असेल आणि पेडलचे रबर गुळगुळीत झाले असेल, तर रबरावर विश्वास ठेवा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. बुडालेल्या गाडीचा चिखल बऱ्याचदा तिथे लपलेला सापडतो. पायाखालचे मॅट उचलून पत्रा सडला आहे का पाहा. आपल्या पावसात गाडी खालून मरते. टायरच्या बाजूला शेवटचे चार अंक असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. वरची नक्षी कोरी असली तरी रबराचे वय तिथे कळते. इंजिन गार असताना तुमच्यासमोर सुरू करायला सांगा. विमा कंपनीकडून जुन्या दाव्यांची माहिती मालकाला काढायला लावा. ज्या कंपनीने देशातली विक्रीच थांबवली आहे, तिचे सुटे भाग आपल्या मिस्त्रीला मिळतात का, हे गाडी घेण्याआधी विचारा. आणि मिस्त्री आपला न्या. विकणाऱ्याने सुचवलेला नको. दोन हजार रुपये गेले तरी जाऊ द्या. ते पैसे तुमच्या मुलांच्या जिवाला लागले असे समजा.

विकणाऱ्यालाही एक गोष्ट सांगायची आहे. पैसे हातात पडले म्हणजे सुटलो, असे समजू नका. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन ‘नंतर नावावर करून घेतो’ म्हणणाऱ्याला किल्ली देऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात स्पष्ट केले की गाडी पुढे कितीही हात फिरली, तरी नोंदवहीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि अपघाताच्या भरपाईला तोच जबाबदार. आपण विकून विसरलेली गाडी कुठल्याशा वळणावर कोणाला चिरडते आणि नोटीस आपल्या दारात येते. नोंदीला आपण किरकोळ समजलो. न्यायाने तिलाच खरे मानले.

आता आरोपी उभे करतो. विकणारा पहिला आरोपी, कारण त्याला ठाऊक होते. दलाल दुसरा, कारण ठाऊक असलेले झाकणे हा त्याचा धंदा झाला. मीटर फिरवून देणारा कारागीर तिसरा. विद्येचा असा वापर चोराच्या पहारीपेक्षा वाईट, कारण पहार निदान आवाज करते. न पाहता शिक्का मारणारा अधिकारी चौथा. गाडी न तपासता कर्ज देणारी, आणि हप्ता थकला की तीच गाडी ओढून पुन्हा दुसऱ्या गरिबाला विकणारी संस्था पाचवी. आणि सहावे आपण सगळे, जे या पाचांना ‘व्यवहारी’, ‘हुशार’, ‘पोचलेला माणूस’ म्हणतो. फसवणाऱ्याला हुशार आणि फसलेल्याला बावळट म्हणणारी भाषा ज्या समाजात रुजते, त्याला चोर वेगळे पोसावे लागत नाहीत.

सहाव्या आरोपींत मी होतोच. पहिल्या आरोपींतही माझे नाव आहे. काही वर्षांपूर्वी मी माझी जुनी गाडी विकली. तिचे ब्रेकचे पेडल दाबून धरले की हळूहळू खाली जायचे. मिस्त्रीने मास्टर सिलिंडर बदलायला सांगितला होता. विकायचीच आहे तर खर्च कशाला, म्हणून मी बदलला नाही. घेणारा खांडसकडचा तरुण होता, हातात रोख पैसे घेऊन आलेला. त्याने टायर पाहिले, रंग पाहिला. ब्रेकचे त्याने विचारले नाही आणि मी सांगितले नाही. तीन आठवड्यांनी तो दारात उभा राहिला. उतारावर पेडल तळाला गेले होते. हँडब्रेक ओढून, बांधाला घासून गाडी थांबली होती. मागच्या सीटवर त्याच्या दोन भाच्या होत्या. कोणाला काही झाले नव्हते. तो भांडायला आला नव्हता, पैसे मागायलाही आला नव्हता. त्याने एवढेच विचारले, “सर, तुम्हाला ठाऊक होतं का?”

मी नाही म्हणालो. त्याने ते खरे मानले. चहा घेतला, नमस्कार केला आणि गेला.

आयुष्यभर मी फळ्यावर सत्याची महती लिहिली, पण जिथे ते लागले तिथे माझ्या तोंडून निघाले नाही. रेल्वे पुढच्या उताराला लागण्याआधी थांबते आणि आपला ब्रेक दाखवते. माणसाने किल्ली दुसऱ्याच्या हातात देण्याआधी तेवढेच करायचे असते: थांबायचे आणि जे ठाऊक आहे ते सांगायचे. मी थांबलो नाही. त्या तरुणाला द्यायचे उत्तर इतकी वर्षे माझ्यापाशी अडकून राहिले आहे. ते इथे चारचौघांत देतो, आणि छापून आले की हा अंक घेऊन त्याच्या दारी जाणार आहे.

हो. मला ठाऊक होते.